सायकल जवळजवळ पूर्ण आहे

राले सायकलीच्या ज्या खालच्या आडव्या नळीत पायडलांचा अ‍ॅक्सल फिरतो, तिथल्या कपांना इंचाला २६ आटे असतात. इतर बहुतेक इंग्रजी सायकलींना २४. हा फरक शाळेत कोणी शिकवत नाही, आणि नुसत्या डोळ्यांना तो दिसतही नाही, कारण २४ आट्यांचा कप २६ आट्यांच्या नळीत सुरुवातीला अगदी खुशीत शिरतो. एक फेरा जातो, दीड फेरा जातो, संग्राहकाच्या चेहऱ्यावर हसू फुटतं, आणि कप अडतो. पुढे रेटावा तर आटे जातात, मागे घ्यावा तर निघत नाही. पुण्यातल्या कितीतरी बाल्कन्यांत अशा दीड फेऱ्यावर अडलेल्या सायकली चाकं वर करून उभ्या आहेत. मालकाचं उत्तर ठरलेलं असतं.

"जवळजवळ पूर्ण आहे. एक कप मिळाला की झालं."

त्यातून उजवीकडच्या कपाचे आटे उलटे असतात. ही गोष्ट मदतीला आलेल्या शेजाऱ्यांना कधीच ठाऊक नसते. एक जण पाना धरतो, दुसरा पान्याला लोखंडी नळी जोडतो, तिसरा फ्रेमवर बसतो, आणि तिघे मिळून तो कप असा काही घट्ट करून ठेवतात की तो काढण्याचा विषय त्या घरात पुन्हा निघत नाही.

हा संग्राहक गृहस्थ ओळखायला सोपा असतो. पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, नखांत ग्रीस, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी कॅलिपर. मोबाइलमध्ये नातवाचे फोटो चार आणि चेनव्हीलचे चारशे. लग्नकार्यात गेला तरी मांडवाबाहेर कुणाची जुनी सायकल टेकवलेली दिसली की तो अक्षता हातात घेऊनच खाली वाकतो. तो सायकल चालवतो का, असा प्रश्न नव्या ओळखीचा एखादा माणूस विचारतो. जुन्या ओळखीचे विचारत नाहीत.

बुधवार आणि रविवार हे त्याचे जुन्या बाजाराचे वार. मंगळवार पेठेजवळ भरणाऱ्या या बाजारात ताडपत्रीवर शिलाई मशिनचे पाय, एकेकटे बूट, बंद पडलेली घड्याळं आणि कुणाच्या तरी आजोबांचा फ्रेममधला फोटो असा संसार मांडलेला असतो. इथे शिरताना संग्राहक चेहऱ्यावर कमालीची उदासीनता आणतो. नियम असा की हवी ती वस्तू सगळ्यात शेवटी उचलायची. आधी एक गंजकी बिजागरी, मग पितळी नळ, मग स्टोव्हची पिन, आणि मग हात सहज गेला असं दाखवत ल्युकसची 'किंग ऑफ द रोड' बत्ती.

"ह्याचे काय घेणार?"

"बत्तीचे?"

"बत्ती आहे होय ही? मला वाटलं डबा आहे."

"साहेब, गेल्या रविवारी पण तुम्हाला डबाच वाटला होता. तेव्हा बाराशे सांगितले होते. आज पंधराशे."

विक्रेते आता पुरते तयार झाले आहेत. अख्खी जुनी सायकल आली की ती भंगारात किलोवर जाते, पण घंटी, बत्ती, सीट, चेनकव्हर, डायनॅमो असे भाग सुटे केले की एकेका भागाला अख्ख्या सायकलीचा भाव येतो. त्यामुळे सकाळी सातला टेम्पोतून उतरलेली धडधाकट सायकल नऊ वाजेपर्यंत आठ जणांच्या आठ पिशव्यांत गेलेली असते. पुढची दहा वर्षं हे आठही जण तशीच सायकल एकेक भाग शोधून उभी करायला झटतात. ती पूर्ण उभी होती तेव्हा आठही जण तिथेच हजर होते. पण त्या दिवशी प्रत्येकाला एकच भाग कमी होता. प्रस्तुत लेखकाला अशाच एका सकाळी घंटी मिळाली. त्याच्याकडे आता तीन घंट्या आहेत, पण तो विषय वेगळा.

घरात हा संग्रह टप्प्याटप्प्याने पसरतो. आधी माळा, मग दिवाणाखालचा कप्पा, मग गच्चीच्या जिन्याखालची सोसायटीची सामाईक जागा, आणि सेक्रेटरीने नोटीस लावली की कपड्यांचं कपाट. ब्रूक्सची सीट हमखास कपाटात पोहोचते. बर्मिंगहॅमची ही कंपनी १८६६ सालची, मूळची खोगीर आणि कातडी सामान करणारी. मालकाचा घोडा मेला, त्याने मागून आणलेल्या सायकलवर जायला सुरुवात केली, लाकडी सीटने तो हैराण झाला आणि १८८२ मध्ये त्याने कातड्याच्या सीटचं पेटंट घेतलं, अशी कथा कंपनी सांगते. एवढा खटाटोप बसणाऱ्याच्या सोयीसाठी. नवी ब्रूक्स कमालीची कडक असते. शेकडो किलोमीटर चालवली की कातडं हळूहळू बसणाऱ्याच्या अंगाला जुळवून घेतं. संग्राहकाला नेमकी हीच धास्ती असते. आपला आकार उमटला की सीट 'वापरलेली' झाली.

"अहो, हे माझ्या पैठणीशेजारी काय ठेवलंय?"

"बी-सिक्स्टीसिक्स आहे. बाहेर ठेवली की कातडं वाळतं."

"वास येतोय त्याला."

"मेणाचा आहे. इंग्लंडचा."

"मग पैठणीलाही इंग्लंडचा वास येतोय."

या संग्रहात नगरपालिकेचे पितळी बिल्लेही असतात. पूर्वी सायकलीला कर होता आणि तो भरल्याची खूण म्हणून बिल्ला लावावा लागे. बिल्ला नसला, रात्री बत्ती नसली, किंवा कॅरिअरवर मित्र डबलसीट बसला असला, की चौकातला हवालदार सायकल अडवायचा आणि हवा सोडून द्यायचा. आमच्या संग्राहकाकडे आज अनेक वर्षांचे बिल्ले ओळीने आहेत, कार्बाइडच्या दोन आणि डायनॅमोच्या चार बत्त्या आहेत, घंट्या तर विचारू नका. कायद्याने त्याला कुठल्याही चौकात पकडता यायचं नाही. सायकल तेवढी नाही.

खरी विद्वत्ता मात्र हबापाशी दिसते. स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा एडब्ल्यू हब १९३६ मध्ये आला. मधला गिअर सरळ, खालचा २५ टक्क्यांनी हलका, वरचा ३३ टक्क्यांनी जड. एवढी सगळी यंत्रणा मागच्या चाकाच्या पोटात. हबाच्या अंगावर तो कोणत्या वर्षी आणि कोणत्या महिन्यात तयार झाला ते ठोकलेलं असतं. झालं, इथून पत्रिका जुळवणं सुरू होतं. फ्रेम १९५२ची, हब १९५४चा. स्थळ चांगलं आहे, पण दोन वर्षांचं अंतर! हब परत माळ्यावर. मग १९५२चा हब मिळतो, पण तो सप्टेंबरचा निघतो आणि फ्रेम मार्चची असावी असा मालकाचा अंदाज असतो. अशा वेळी जाणकार मंडळी जमतात, चहा होतो, आणि सायकल आणखी वर्षभर बिनलग्नाची राहते.

चेनव्हीलवरून घराणं ओळखायचं असतं. रालेच्या चेनव्हीलमध्ये बगळ्यांची डोकी, रजच्या चेनव्हीलमध्ये हाताचा पंजा, हंबरच्या चेनव्हीलमध्ये गोलाकार फिरणारी माणसं. हंबरचा पुढचा चिमटाही दुहेरी नळ्यांचा, लांबून ओळखू यावा असा. बीएसए म्हणजे मुळात बंदुका करणारा कारखाना, म्हणून त्याच्या खुणेत एकमेकींना टेकवलेल्या तीन बंदुका. आपल्याकडचे जुने लोक तिला सरळ 'तीन बंदूकवाली' म्हणत. इथवर कुणाला तक्रार नसते. भांडण पेटतं ते रालेच्या जन्मगावावरून. स्वातंत्र्यानंतर सेन-राले कंपनीचा कारखाना बंगालमध्ये आसनसोलला निघाला आणि तिथून देशभर सायकली गेल्या.

"नॉटिंगहॅमची आहे," यजमान म्हणतात.

पाहुणा बत्ती घेऊन वाकतो, बराच वेळ वाकलेलाच राहतो आणि सरळ होऊन म्हणतो, "आसनसोल."

एवढ्या एका शब्दावर तीस वर्षांच्या मैत्री संपल्या आहेत. ज्या सायकलवर वडील खडकीच्या कारखान्यात आयुष्यभर गेले, ती बंगालची आहे हे कळल्यावर एका चिरंजीवांनी दोन दिवस धड जेवण केलं नाही, असं ऐकिवात आहे. वडिलांना याचा पत्ता नव्हता. ते वेळेवर कामावर पोहोचत होते.

टायरच्या बाबतीत तर भारतीय संग्राहकाला काही सबबच उरलेली नाही. २८ बाय दीडचा टायर युरोप-अमेरिकेत शोधून आणावा लागतो, आणि आपल्याकडे तालुक्याच्या कुठल्याही सायकल दुकानात तो खिळ्याला टांगलेला असतो, कारण आपली काळी उभी सायकल अजून त्याच मापावर चालते. दुकानदार तो काढून पुढे करतो. संग्राहक मान हलवतो. त्याला डनलॉपचा, मेड इन इंग्लंड हवा. तो एकदाचा मिळतो, मूळ कागदी गुंडाळीसकट, आणि इतका वाळलेला की रिमवर चढवताना त्याचे तुकडे पडायला लागतात. मग तो कागदात परत गुंडाळून भिंतीवर लावला जातो. चाकं उघडीच.

सगळ्यात करुण प्रसंग म्हणजे चालत्या सायकलीशी गाठ पडणं. पहाटे सहाला मुळशीकडून येणारे एक दूधवाले मामा आहेत. सायकलला दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन, मडगार्ड तारेने बांधलेलं, सीटवर गोणपाट. आणि चिखलाच्या थराखाली बगळ्यांची डोकी! आमचा गृहस्थ सकाळी फिरायला निघालेला. तो तिथेच रस्त्यावर उकिडवा बसला, मग गुडघ्यांवर आला, मग हाताने चिखल पुसायला लागला.

"काय पडलं का?" मामांनी विचारलं.

"नाही नाही. मामा, हे दातऱ्याचं चाक द्याल का मला?"

"का, काय झालं त्याला?"

"काही नाही. चांगलं आहे, म्हणूनच."

"चांगलं हाये तर काढू कशाला?"

"दुसरं नवं बसवून देतो. वर दोन हजार देतो."

मामांनी पहिल्यांदाच स्वतःच्या सायकलीकडे नीट पाहिलं. "ह्या पाखरांचे दोन हजार?"

"बगळे आहेत ते."

"आन् तुम्ही हे लावून सायकल चालवनार?"

गृहस्थ जरा घुटमळला. मामांनी जास्त वेळ दिला नाही, दूध नासतं. पण माणूस व्यवहाराला पक्का. पुढच्या आठवड्यात त्यांनी चाकाचा भाव पाच हजार केला, आणि उरलंसुरलं अर्धं चेनकव्हरही काढून टाकलं, म्हणजे पाखरं लांबून दिसावीत. आता दर चौकात एक तरी माणूस वाकून बघतो. मामा कुणालाच देत नाहीत, पण त्यामुळे दुधाची दोन नवी घरं मिळाली म्हणतात.

ही लागण केवळ पुणेरी आहे असं मात्र कुणी समजू नये. इटलीतल्या कॅम्पान्योलो कंपनीने १९८३ मध्ये आपल्या पन्नाशीनिमित्त गिअर, ब्रेक, हब, पायडल असा अख्खा संच चक्क ब्रीफकेसमध्ये घालून विकला. सायकलीचे भाग, आणि ते बॅगेत, मखमली खोबणींत बसवलेले! हे कुणी सायकलला लावील, अशी अपेक्षा कंपनीची तरी असेल का? जगभरच्या संग्राहकांच्या घरी त्या बॅगा अजून आहेत. पाहुणे आले की कुलूप उघडतं, सगळे वाकून बघतात, कुलूप लागतं.

त्याहून कमाल बीएसएच्या पॅराट्रूपर सायकलीची. दुसऱ्या महायुद्धात ती हजारोंनी तयार झाली. मधोमध दुमडायची आणि सैनिकाबरोबर विमानातून छत्रीने खाली सोडायची, असा बेत होता. म्हणजे शत्रूच्या मुलखात आकाशातून फेकायची वस्तू. आज ज्याच्याकडे ती आहे तो ती माळ्यावरून खाली उतरवायला चार माणसं बोलावतो आणि चारही जणांना आधी हात धुवायला लावतो.

उलट बाजूही इटलीनेच दाखवली आहे. टस्कनीत गायोले नावाच्या गावी १९९७ मध्ये 'लेरोइका' नावाची फेरी सुरू झाली, पहिल्या वर्षी स्वार ९२. रस्ते पांढऱ्या खडीचे, धुळीचे. सायकल १९८७ च्या आधीची हवी, गिअरचे दांडे खालच्या नळीवर हवेत, ब्रेकच्या तारा हँडलच्या बाहेरून गेलेल्या हव्यात. सगळ्यात लांबचा मार्ग दोनशे किलोमीटरहून जास्त, आणि तो त्याच जुन्या लोखंडावर रेटायचा. वाटेत सूप आणि वाइन मिळते. आमच्या संग्राहकाला हे सांगून पाहिलं. त्याने सगळं लक्षपूर्वक ऐकलं आणि विचारलं, "फेरी संपल्यावर तिथे सुटे भाग विकायला असतात का?" असतात. मोठा बाजार भरतो. तो पासपोर्ट काढायला टाकणार आहे.

पुण्यात हा नाद असणारे सगळेच असे अर्धवट अडलेले नाहीत, हेही सांगायला हवं. कर्वेनगरात विक्रम पेंडसे सायकल्स हे संग्रहालय आहे आणि तिथे जुन्या सायकली नीट उभ्या केलेल्या, स्वच्छ, लोकांना बघण्यासाठी मांडलेल्या आहेत. आमचा गृहस्थ तिथे वरचेवर जातो. बाहेर येताना मात्र त्याचा चेहरा पडलेला असतो. सगळ्याच पूर्ण!

त्याची स्वतःची सायकल एकदाच पूर्ण झाली होती. मुंबईच्या चोर बाजारातून कप मिळाला, तो चक्क २६ आट्यांचा निघाला आणि दीड फेऱ्याच्या पुढे गेला. आता पळवाट उरली नाही. जुन्या सायकलींची एक फेरी रविवारी सकाळी शनिवारवाड्यापासून निघणार होती. ठरल्या वेळी सगळ्या सायकली आल्या, टेम्पोतून, गोधड्यांत गुंडाळून. चालवत कुणीच आलं नाही. फोटोंना दीड तास लागला. धोतर-कोट घातलेल्या एका सदस्याने फोटोपुरती सायकल धरली आणि पोह्यांच्या दिशेने प्रस्थान ठेवलं.

मग फेरी निघाली. ठिकाण बालगंधर्व पूल, म्हणजे पायी गेले असते तरी चाललं असतं. वीस किलोच्या घरातल्या त्या सायकलीवर आमचा गृहस्थ ताठ बसून निघाला, ब्रूक्सवर, पहिल्यांदाच. ब्रूक्सने त्याला आणि त्याने ब्रूक्सला शांतपणे सहन केलं. थोडा चढ आला. तो पायडलांवर उभा राहिला. इथे स्टर्मी-आर्चरच्या हबाचं एक वैशिष्ट्य सांगणं भाग आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मधे अशी एक जागा असते की जिथे कुठलाच गिअर लागलेला नसतो. गिअरची केबल जरा इकडेतिकडे झाली की पायडल एकाएकी मोकळं फिरतं. उभ्या माणसाच्या पायाखालचा आधार जातो आणि तो सरळ खाली येतो. खाली फ्रेमची आडवी दांडी असते. पुढचा तपशील मासिकाच्या मर्यादेत बसत नाही.

उतारावर पाऊस आला. या सायकलींचे ब्रेक सळ्यांचे, रबराचे ठोकळे रिमला आतून लागणारे, आणि रिम चकचकीत क्रोमची. ओल्या क्रोमवर रबर सरकतं. ब्रेक दाबल्याचं समाधान मिळतं, एवढंच. घंटी मात्र उत्कृष्ट चालत होती. उतारभर ती वाजत राहिली. लोकांनी कौतुकाने वळून पाहिलं, फोटो काढले, एका मुलाने हात हलवला, आणि सायकल कणसाच्या गाडीला जाऊन टेकली.

"काका, लागलं का?" गाडीवाला धावला.

"माझं सोड. काच बघ आधी. बत्तीची काच!"

काचेला तडा गेला होता. गृहस्थ बराच वेळ पावसात ती काच हातात धरून उभा होता. लोकांना वाटलं त्याला वाईट वाटतंय. पण टेम्पोत शेजारी बसलेल्या माणसाने पाहिलं, तो गालातल्या गालात हसत होता आणि बुधवारपर्यंत किती दिवस उरलेत ते बोटांवर मोजत होता. सायकलीत आता पुन्हा एक गोष्ट कमी होती. घरी पोहोचल्यावर त्याने ती आधी पुसली, मग उलटी केली, आणि बायकोने "कशी झाली फेरी?" विचारल्यावर उत्साहाने म्हणाला, "फक्त एक काच."

३ जून २०२० रोजी, म्हणजे नेमक्या जागतिक सायकल दिनी, अ‍ॅटलासचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला. १९५१ पासूनची कंपनी. त्या दिवशी शाळा सुटल्यापासून सायकलला पाय न लावलेल्या लोकांनी मोबाइलवर अ‍ॅटलासच्या आठवणी लिहिल्या, डोळे पुसले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला स्कूटर काढली. आमच्या गृहस्थाने त्या दिवशी आठवण वगैरे लिहिली नाही. त्याने ओळखीतल्या सगळ्यांना एकच निरोप पाठवला: कुणाकडे अ‍ॅटलासचं जुनं मडगार्ड आहे का?

वाचकहो, तुमच्या माळ्यावर, गोठ्यात किंवा गावच्या पडवीत आजोबांची सायकल असेल, तर एवढं करा. तिचा फोटो काढून कुणालाही पाठवू नका. आधी कोपऱ्यावरच्या दुकानातून देशी टायर-ट्यूब घाला, हवा भरा, चेनला तेल सोडा, ब्रेकचे ठोकळे बदला आणि पाऊस नसताना मंडईपर्यंत एक फेरी मारून भाजी घेऊन या. वाटेत कुणी कॅलिपरवाला तुमच्या चेनव्हीलकडे वाकून बघायला लागलाच, तर पाच हजारांच्या खाली उतरू नका.